तपासणीनंतर काय? तीन पाळ्यांच्या फाउंड्रीतील हृदयआरोग्याच्या भागीदारीचे प्रकरण

हृदयाच्या आरोग्याचे शिबिर भरवायला एक दिवस पुरतो. मंडप, चार टेबले, बीपीची यंत्रे, जाताना हातात पत्रक. संध्याकाळी फोटो निघतात, आणि ज्याचा बीपी 168 निघाला तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी 'डॉक्टरांना दाखवा' अशी चिठ्ठी खिशात घेऊन पुन्हा क्रेनवर चढतो. त्या चिठ्ठीचे पुढे काय होते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मांडणीसाठी लोखंडाचे ओतकाम करणारी एक फाउंड्री घेतली आहे. कामगार 420, त्यांतले 290 कायम, 130 ठेकेदाराकडचे. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या. भट्टी, साचेकाम, कोअर शॉप (साच्यातले वाळूचे गाभे बनवण्याची जागा), फेटलिंग (ओतीव वस्तू घासून साफ करणे) आणि डोक्यावरून फिरणाऱ्या क्रेन. आवारात प्रथमोपचाराची खोली, दिवसपाळीला एक परिचारिका, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर. व्यवस्थापनाला जवळच्या रुग्णालयाशी भागीदारी करून कामगारांमध्ये हृदयविकाराबद्दल जागरूकता वाढवायची आहे. ही फाउंड्री म्हणजे कुठला ठरावीक कारखाना नव्हे. हिशेब करून दाखवता यावा म्हणून तिचे आकडे धरले आहेत. वैद्यकीय मर्यादा आणि अभ्यासांचे निष्कर्ष मात्र खरे आहेत.

गळती कुठे होते

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात 30 ते 79 या वयाच्या सुमारे 130 कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना तो आहे हेच माहीत नाही, आणि पाचांतल्या साधारण एकाचाच आटोक्यात आहे. यात दोन वेगळ्या दऱ्या आहेत. माहीत नसणे ही पहिली. माहीत असून आटोक्यात नसणे ही दुसरी. शिबिराने फार तर पहिली बुजते.

कारखान्यांच्या बाबतीत ही गोष्ट जुनीच आहे. फूट आणि अर्फर्ट यांनी 1983 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये कारखान्यांतल्या कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसते तपासून डॉक्टरकडे पाठवणे, पाठवून वर नियमित पाठपुरावा करणे आणि कारखान्यातच उपचार देणे, अशा पद्धतींची त्यात तुलना होती. पाठपुरावा झाला तिथे रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण नुसत्या तपासणीपेक्षा ठळकपणे चांगले निघाले. लॉस एंजेलिसमधल्या 52 केशकर्तनालयांत झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेही हेच दाखवले. त्यात 319 पुरुष होते. एका गटाला केस कापणाऱ्याने डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या गटासाठी औषधतज्ज्ञ स्वतः दुकानात येत आणि डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार तिथेच औषध सुरू करत. सहा महिन्यांत वरचा आकडा पहिल्या गटात सरासरी 9 अंकांनी उतरला, दुसऱ्या गटात 27 अंकांनी.

म्हणून या फाउंड्रीच्या करारात तपासणीपेक्षा तपासणीनंतरच्या नव्वद दिवसांना जास्त जागा द्यावी, अशी आमची ठाम शिफारस आहे.

करारात काय लिहायचे

करार चौघांचा हवा: कारखाना, रुग्णालय, कामगार संघटना आणि ठेकेदार. ठेकेदाराला वगळले की 130 माणसे वगळली जातात. भट्टीजवळची आणि फेटलिंगची कष्टाची कामे बहुधा त्यांच्याचकडे असतात, आणि खाडा पडला तर रोज त्यांचाच बुडतो. 'सर्व कामगारांसाठी' एवढे लिहून भागत नाही. तपासणीचा आणि पुढच्या प्रत्येक भेटीचा वेळ कामाचा धरला जाईल, कंत्राटी कामगारांचाही, असे स्पष्ट लिहावे लागते.

मग तासांचा हिशेब. धरून चालू की 420 पैकी 110 जणांची पहिली सरासरी 140/90 (उच्च रक्तदाबाची मर्यादा) किंवा वर आली, आणि वेगळ्या दिवशी पुन्हा मोजल्यावर त्यांतले 70 कायम राहिले. महिन्यातून एकदा प्रत्येकी 15 मिनिटे धरली तरी महिन्याला साडेसतरा तास होतात, म्हणजे आठवड्याला चार तासांच्या आसपास. हे चार तास कोण देणार? कारखान्याची परिचारिका, की रुग्णालयाचा माणूस? कोणत्या वारी, कोणत्या पाळीत? करारात ही ओळ नसेल तर बाकीची पाने कोरी असल्यासारखीच. रात्रपाळीवाल्यांना दिवसा या म्हणणे म्हणजे त्यांची झोप मोडणे. त्यांच्यासाठी दोन आठवड्यांतून एकदा रात्री खोली उघडी हवी.

सर्वांत नाजूक कलम माहितीचे. कामगाराच्या मनातली पहिली शंका एकच असते: 'बीपी निघाला तर मला कामावरून काढतील का?' या शंकेला पोस्टर उत्तर देऊ शकत नाही. नावनिशीची नोंद परिचारिका आणि डॉक्टर यांच्याचकडे, कुलपात. व्यवस्थापनाला फक्त एकूण आकडे. ज्या विभागात दहापेक्षा कमी माणसे आहेत त्याचा आकडा वेगळा द्यायचा नाही, कारण नऊ क्रेनचालकांपैकी 'तिघांना बीपी' म्हटले की तिघे कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळते. बोलावण्याची पद्धतही इथेच ठरते. सुपरवायझरने शॉपमध्ये उभे राहून 'बीपीवाले वर जा' अशी हाक दिली की सगळी गोपनीयता तिथेच संपली. त्यापेक्षा सगळ्यांनाच आलटून पालटून बोलवावे. ज्याचा बीपी ठीक आहे त्यालाही तीन महिन्यांनी. मग खोलीत जाणारा प्रत्येक जण आजारी आहे असे कुणी धरत नाही.

तरीही एक खरा पेच उरतो. वीस टन वितळलेले लोखंड हलवणाऱ्या माणसाला चक्कर येत असेल तर गप्प बसता येत नाही. यावर आधीच, शांतपणे, लिखित उत्तर हवे. भोवळ किंवा बेशुद्धी, छातीत दुखणे, आणि 180/120 च्या वर टिकून असलेला रक्तदाब, या तीनच बाबतींत डॉक्टर 'तूर्त उंचीवर व क्रेनवर काम नको' एवढेच कळवतील. आजाराचे नाव नाही. त्या काळात पर्यायी काम. पगार तोच, असे नुसते लिहिले तर फसगत होते, कारण मूळ पगार तोच राहिला तरी ओव्हरटाइम आणि विभागाचा भत्ता बुडतो, आणि घर त्यावरच चाललेले असते. मागच्या तीन महिन्यांच्या एकूण कमाईची सरासरी द्यायची, असे लिहिले तरच माणूस चक्कर आल्याचे सांगेल.

तपासणीची खोली

एका दिवसाच्या शिबिरात सात तासांत 420 माणसे उरकायची तर दर मिनिटाला एक माणूस. तीन टेबले लावली तरी प्रत्येकाला तीन मिनिटे. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसायचे असते. मग हे गणित बसणार कसे? त्यामुळे अशा शिबिरातले आकडे वर सरकतात, निरोगी माणसे घाबरतात, रुग्णालयात रांग लागते, आणि 'तिथे मोजला तर नॉर्मल निघाला' असे दोन-चार जणांनी सांगितले की पुढच्या वेळी कुणी येत नाही.

नीट करायचे तर दोन मोजणारे, चार विश्रांतीच्या खुर्च्या. एक मोजणारा तासाला आठ माणसे नीट हाताळतो, दोघे सोळा. रोज अडीच तास म्हणजे चाळीस माणसे, म्हणजे 420 ना अकरा दिवस. तिन्ही पाळ्यांत वाटले तर दोन-अडीच आठवडे. उत्पादनाला धक्का न लावता हे जमते, कारण एका वेळी सहा-सातच माणसे जागेवरून हललेली असतात.

खोली फेटलिंगच्या आवाजापासून लांब हवी. खुर्चीला पाठ हवी, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही, दंड हृदयाच्या पातळीला टेबलावर टेकवलेला. आधी अर्धा तास तंबाखू, बिडी-सिगारेट, चहा-कॉफी नाही. लघवीला जाऊन यायला सांगायचे, हे नेहमी विसरले जाते. भरलेल्या मूत्राशयाने आकडा वर जातो, बोलत राहिल्यानेही जातो. म्हणून मोजताना नाव-गाव विचारायचे नाही.

फाउंड्रीतली खास अडचण डांगरीची. बाही वर गुंडाळली की दंडावर तिचा पीळ बसतो. कापडावरूनच पट्टा बांधला तर तेही चूक. वरची बटणे काढून हात बाहेर घेणे हाच उपाय, आणि त्यासाठी पडदा लागतो. दुसरी अडचण दंडाच्या घेराची. घण आणि ग्राइंडर चालवणाऱ्यांचे दंड भरलेले असतात. नेहमीचा पट्टा साधारण 27 ते 34 सेंटिमीटर घेरासाठी असतो. 35 ते 44 ला मोठा पट्टा लागतो. छोटा पट्टा बांधला की बीपी नसलेल्यालाही बीपी निघतो. दोन रुपयांच्या वस्तूइतकी साधी मोजपट्टी टेबलावर असली की ही चूक टळते, पण बहुतेक ठिकाणी तीच नसते.

दोन वेळा मोजायचे, मध्ये एक मिनिट. 140/90 किंवा वर असेल तर तिसऱ्यांदा, आणि शेवटच्या दोनांची सरासरी लिहायची. निदान एका दिवशीच्या आकड्यावर करायचे नाही. वेगळ्या दिवशी, पाळीच्या त्याच सुमाराला, म्हणजे कामाच्या दुसऱ्या तासाच्या आसपास, पुन्हा मोजायचे. रात्रपाळी संपवून, न झोपता, तंबाखूचा बार भरून आलेल्या माणसाचा सकाळी सातचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

180/120 च्या वर आकडा असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलणे अडखळणे, एका बाजूला अशक्तपणा किंवा नजर अंधारणे यांपैकी काहीही असेल तर ॲम्ब्युलन्स, लगेच. लक्षणे नसतील तर शांत बसवून पुन्हा मोजायचे आणि तरीही तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर.

काही जणांचा बीपी कामावर वर आणि दवाखान्यात बरा निघतो. असे झाले की सगळे हुश्श करतात. तो सुटकेचा निकाल नव्हे. कामाच्या ताणात, आवाजात, दिवसाचे आठ तास रक्तदाब खरोखरच चढलेला असू शकतो. अशांना घरी सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजायला यंत्र उसने द्यायचे. घरच्या सरासरीसाठी मर्यादा 135/85 आहे. अशी सहा यंत्रे आलटून पालटून फिरली तर एवढ्या फाउंड्रीला पुरतात.

रक्ततपासणीत उपाशीपोटाचा आग्रह सोडावा. रात्रपाळीवाल्याचे 'उपाशी' म्हणजे नेमके कधी, याचे उत्तर कुणाकडे नसते. साखरेसाठी एचबीएवनसीला (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीला) उपाशी राहावे लागत नाही, आणि पहिल्या चाळणीसाठी कोलेस्टेरॉलही जेवणानंतर चालते. रक्त घ्यायला तयार नसणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे रक्ततपासणीविना वापरायचे तक्ते आहेत: वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि उंची-वजनाचे गुणोत्तर यांवरून पुढच्या दहा वर्षांचा धोका काढता येतो.

क्रेनवरचा माणूस

वय 46. पहिली सरासरी 168/104, आठवड्याने 162/100. त्रास काही नाही. 'मला काही होत नाही, मग बीपी कसला?' आणि 'एकदा गोळी मागे लागली की सुटत नाही' ही त्याची दोन वाक्ये. चिठ्ठी घेऊन तो जातो, डॉक्टर दोन गोळ्या देतात, त्यांतली एक लघवी वाढवणारी. आठवड्यात तो ती बंद करतो.

का? केबिन जमिनीपासून बारा मीटर वर. उभी लोखंडी शिडी. पाळीत एकदाच, जेवणाच्या वेळी, बदली माणूस मिळतो. सकाळी गोळी घेतली की दोन तासांत उतरायची वेळ येते, आणि क्रेन थांबली की खाली लाडल (वितळलेल्या लोखंडाचे भांडे) धरून माणसे खोळंबतात. गोळी बंद करणे हा या माणसाचा अडाणीपणा नाही; त्याच्या जागी कुणीही तेच केले असते. डॉक्टरांनी चुकीचे औषध दिले असेही नाही. तो काय काम करतो हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

म्हणून चिठ्ठीवर आकड्याच्या शेजारी कामाचा रकाना हवा: 'क्रेनचालक, पाळीत एकदाच खाली उतरतो' किंवा 'भट्टीवर, सतत घाम' किंवा 'आठवड्याला पाळी बदलते'. हे वाचल्यावर डॉक्टर दुसऱ्या गटाची गोळी निवडू शकतात किंवा वेळ बदलू शकतात. आणि कारखान्याच्या बाजूने पाळीत आणखी एक बदली. भागीदारी म्हणतात ती हीच. करारातल्या दोन्ही बाजू एकाच माणसासाठी जरा जरा सरकल्या.

परिचारिकेने 'गोळी घेता ना?' असे विचारले तर उत्तर 'हो' असेच येते. त्याऐवजी 'गेल्या सात दिवसांत किती राहिल्या?' असे विचारावे आणि गोळ्यांची पट्टी दाखवायला सांगावी. प्रत्येक औषधाचा आपला एक त्रास असतो आणि कारखान्यात त्याचा भलताच अर्थ लावला जातो. ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येते; माणूस म्हणतो, सेफ्टी शूज आवळतात. एनालाप्रिल, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो. माणूस म्हणतो, वाळूची धूळ. पहिल्या दिवसांत उठताना गरगरते, आणि शिडी चढणाऱ्यासाठी ते धोक्याचे आहे. म्हणून औषध सुट्टीच्या आदल्या दिवशी सुरू करणे बरे. कोणतीही गोळी मनाने बंद न करता त्रास सांगायला यायचे, एवढे पहिल्याच भेटीत ठसवायचे.

कंबरदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांबद्दल आवर्जून विचारावे. त्या रक्तदाब वाढवतात आणि बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी करतात. लघवी वाढवणारी गोळी, रॅमिप्रिलसारखी गोळी आणि वेदनाशामक, तिन्ही एकत्र, वर भट्टीपुढचा घाम, म्हणजे मूत्रपिंडावर थेट घाला. चार्टवर ही नोंद लाल पेनाने असावी.

पाळी बदलते तेव्हा गोळी घड्याळाला बांधू नये, कृतीला बांधावी: झोपून उठल्यावर, तोंड धुतल्यावर. सकाळी की रात्री हा घोर नको. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या 'टाइम' चाचणीत सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या घटनांत फरक दिसला नाही. गोळी रोज पोटात जाणे महत्त्वाचे.

व्यवस्थापनाच्या वाट्याचे

कामगाराला सिगारेट सोड म्हणायचे आणि भट्टीजवळचा कार्बन मोनॉक्साइड मोजायचाच नाही, असा कार्यक्रम टिकत नाही, टिकूही नये. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला तो थोडा असला तरी कमी श्रमात छातीत दुखू लागते, आणि धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात तो आधीच असतो. ओतण्याच्या जागी मापक यंत्र लावणे आणि वायुवीजन सुधारणे हे हृदयआरोग्याच्या कार्यक्रमाचेच काम आहे. स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यांच्या इतिहासातला धडा इथे आठवावा. तिथे नायट्रोग्लिसरीनच्या संपर्कातल्या कामगारांना आठवडाभर काम करताना नव्हे, तर सुट्टीत किंवा सुट्टीनंतर छातीत दुखे आणि काही जण दगावत. आठवडाभर सैल राहिलेल्या रक्तवाहिन्या संपर्क तुटताच आवळत. विकार कामातूनच येत होता, पण तो दिसे कामाच्या बाहेर.

ओव्हरटाइम हाही हृदयाचाच प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याच्या विकाराने मृत्यूचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळला. हजेरीपटावरून 55 च्या वर गेलेली माणसे दर महिन्याला मोजणे एका कारकुनाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. रुग्णालयापुढे हा आकडाही ठेवावा.

मिठाबाबत भट्टीवर खास गोंधळ असतो. घाम गाळणाऱ्याने मीठ जास्त खावे, मिठाच्या गोळ्या घ्याव्यात, असा समज पक्का असतो. दुसरीकडे पत्रक सांगते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी. उष्णतेला सरावलेल्या आणि वेळेवर जेवणाऱ्या माणसाला मिठाच्या गोळ्या लागत नाहीत. दर 15-20 मिनिटांनी कपभर पाणी लागते, आणि त्यासाठी पाण्याचा नळ भट्टीपासून दोन मिनिटांच्या आत लागतो. कँटीनमध्ये टेबलावरची मिठाची भांडी उचलून काउंटरवर ठेवणे आणि रोजच्या मसाला-मिठाचे माप वजनकाट्यावर आणणे, एवढ्यापासून सुरुवात करता येते. मीठ दोन-तीन महिन्यांत हळूहळू कमी केले तर चव फारशी टोचत नाही. एका दिवसात कमी केले तर माणसे घरून मीठ घेऊन येतात.

बोलायचे काय

पाळी सुरू होतानाच्या दहा मिनिटांच्या बैठकीत, एका वेळी एकच गोष्ट. बोलणारा शक्यतो त्याच विभागातला, आधी शिकवलेला कामगार. 'आम्ही दिवसभर मेहनतच करतो, व्यायाम कशाला?' हा प्रश्न हमखास येतो आणि तो उडवून लावू नये. ओझे उचलणे, एका जागी ताठ उभे राहून ग्राइंडर दाबणे यात रक्तदाब तासन्‌तास चढलेला राहतो आणि विसावा मिळत नाही. मोकळ्या वेळात वेगाने चालण्याने हृदयाला जे मिळते ते त्यातून तितके मिळत नाही. तंबाखूबद्दल भीतीपेक्षा लवकर मिळणारा फायदा सांगावा: धूम्रपान सोडून एक वर्ष झाले की त्यामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका जवळपास निम्म्यावर येतो.

आणि 'गॅस झालाय' या दोन शब्दांवर एक पूर्ण बैठक घ्यावी. छातीवर दगड ठेवल्यासारखे, जबडा, डावा हात, पाठ, पोटाचा वरचा भाग, थंड घाम, धाप. मधुमेह्यांत आणि स्त्रियांत दुखणे अस्पष्टही असते. माणूस सोडा पितो, कोपऱ्यात पडून राहतो, पाळी संपायची वाट पाहतो. श्रमाने आलेले आणि थांबल्यावर ओसरणारे दुखणेही डॉक्टरला दाखवायचेच. दहा मिनिटांत न थांबणारे असेल तर बसवायचे, चालवायचे नाही, आणि आणीबाणीचा नंबर लावायचा. दुचाकीवर मागे बसवून नेणे ही चूक फार होते.

तीन मिनिटे

अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना शॉक देणारे यंत्र, म्हणजे एईडी, शिकवले गेले, आणि 2000 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन कोसळलेल्या 105 जणांपैकी 53 टक्के रुग्णालयातून जिवंत घरी गेले. डोळ्यांदेखत कोसळलेल्यांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यांच्यात 74 टक्के वाचले, उशीर झालेल्यांत 49 टक्के. हे करणारे डॉक्टर नव्हते, दारावरचे रक्षक होते.

फाउंड्रीत यंत्र कुठे ठेवायचे ते नकाशावर ठरवू नये. घड्याळ लावून, सेफ्टी शूज घालून, जाऊन येऊन पाहावे. जाण्या-येण्याला तीन मिनिटे म्हणजे भरभर चालत एका बाजूला साधारण दीडशे मीटर. मध्ये शिडी, फाटक किंवा रुळ असेल तर कमी. ऑफिसच्या स्वागतकक्षात ते शोभून दिसते, पण रात्री त्या कक्षाला कुलूप असते. भट्टीजवळही नको, उष्णता आणि धूळ यंत्राला मानवत नाही, उत्पादकाने दिलेली तापमानाची मर्यादा पाहावी. पेटीत टॉवेल, रेझर आणि कात्री हवी: घामाने ओल्या, केसाळ छातीवर पॅड चिकटत नाहीत, आणि डांगरी उतरवण्यापेक्षा कापणे वेगाचे. पॅडची मुदत आणि बॅटरीचा दिवा दर महिन्याला एका ठरलेल्या माणसाने सही करून तपासायचा. क्रेनच्या केबिनमध्ये कुणी कोसळला तर त्याला खाली कसे आणायचे याचा सराव वेगळा घ्यावा; तो न घेता एईडी बसवून समाधान मानू नये.

छाती दाबण्याची खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120. प्रत्येक पाळीत किमान आठ जण शिकलेले, रात्रपाळीतही तेवढेच, आणि दर सहा महिन्यांनी पंधरा मिनिटांचा पुतळ्यावरचा सराव. एकदा शिकून दोन वर्षे हात न लावला तर दाब उथळ पडतो.

सहा महिन्यांनी

अहवालात 'सरासरी बीपी 12 अंकांनी उतरला' असे वाक्य आले तर थांबावे. पहिल्या दिवशी उंच आकडे आलेल्यांनाच निवडून पुन्हा मोजले की काही न करताही सरासरी उतरते, कारण त्या दिवशी योगायोगाने चढलेले आकडे आपसूक खाली येतात. मोजायचे ते असे: निदान पक्के झालेल्या 70 पैकी सहा महिन्यांनी किती जण 140/90 च्या खाली आहेत. जे आलेच नाहीत, सोडून गेले, ते आटोक्यात नसलेल्यांत धरायचे. त्यांना गाळून टक्केवारी काढली की ती छान दिसते आणि खोटी असते.

नोंदवही चाळून एक साधी परीक्षाही घ्यावी. डिजिटल यंत्रात शेवटचा अंक शून्य यायचे प्रमाण दहात एकाच्या आसपास हवे. निम्मे आकडे 130, 140, 150 असे गोल दिसले तर कुणी तरी अंदाजाने लिहीत आहे. त्याला ओरडण्याआधी त्याला तासाला किती माणसे दिली आहेत ते पाहावे.

सर्वांत जास्त गळती कंत्राटी कामगारांत होईल. ठेकेदार बदलतो, माणूस दुसऱ्या कारखान्यात जातो, कारखान्यातली फाइल कुलपात राहते. म्हणून फाइलखेरीज प्रत्येकाकडे त्याचे स्वतःचे कार्ड हवे, खिशात मावेल एवढे, प्लॅस्टिकच्या पाकिटात: तारीख, दोन्ही हातांचे पहिले आकडे, पट्ट्याचे माप, औषधाचे नाव आणि डोस, कामाचा प्रकार. निघून जाणाऱ्याला शेवटच्या दिवशी एक महिन्याच्या गोळ्या आणि हे कार्ड. कार्डातला शेवटचा रकाना पुढच्या तपासणीच्या तारखेचा असतो. तो भरल्याशिवाय परिचारिकेने कार्ड हातात देऊ नये.